मुलाला मिडफिल्डर व्हायचंय: गोव्यातले नेहमीचे प्रश्न

डिचोली, सत्तरी, पेडणे, फोंडा या भागातली मुलं सरावाला येतात आणि त्यांचे आईबाबा मैदानाच्या कडेला स्कूटरला टेकून जे प्रश्न विचारतात, ते इथे एका जागी लिहून ठेवले आहेत. स्ट्रायकर आणि गोलकीपरबद्दल सगळ्यांना सगळं कळतं. मधल्या फळीतल्या पोराचं काय चाललंय हे मात्र त्याच्या घरच्यांनाही बऱ्याचदा उमगत नाही, म्हणून हा पसारा. मी स्वतः आठ नंबरवर खेळलो, जीएफएच्या, म्हणजे गोवा फुटबॉल असोसिएशनच्या, खालच्या डिव्हिजनमध्ये. आता मुलांना शिकवतो.

मिडफिल्डर मैदानात नेमकं काय करतो?

ढोबळमानाने तीन कामं, आणि आजकाल ती नंबरानेच ओळखली जातात. सहा नंबर बचावफळीच्या पुढे उभा राहतो. समोरच्यांचा हल्ला तिथेच अडवायचा आणि आपल्या स्टॉपरकडून, म्हणजे मधल्या बचावपटूकडून, चेंडू घेऊन पुढचा डाव सुरू करायचा, हे त्याचं काम. आठ नंबर दोन्ही पेनल्टी बॉक्सच्या मध्ये सतत ये-जा करतो. दहा नंबर समोरच्यांच्या बचावफळीपुढच्या फटीत उभा राहून शेवटचा पास शोधतो. विंगवर खेळणाऱ्यांनाही संघयादीत मिडफिल्डरच लिहितात, पण त्यांचं काम निराळं.

वरच्या दर्जाच्या सामन्यात मिडफिल्डरची साधारण दहा ते बारा किलोमीटर धाव होते. हा आकडा ऐकला की बाप मुलाला पहाटे रस्त्यावर पळवायला लागतो. पण त्या अंतरातलं बरंचसं चालणं आणि हळू धावणं असतं. दमवतात ते मधले पाच-दहा मीटरचे झटके, थांबणं, वळणं आणि परत सुटणं. नुसतं लांब पळून तो दम येत नाही.

तो गोल मारत नाही. मग कोणाच्या नजरेत भरणार कसा?

या पानावरच्या निम्म्या प्रश्नांचं मूळ इथेच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

५ सप्टेंबर २०१९, गुवाहाटी, भारत विरुद्ध ओमान, विश्वचषक पात्रता सामना. भारताला फ्री-किक मिळाली. उंच क्रॉस येणार म्हणून बॉक्समध्ये सगळ्यांची झोंबाझोंबी चाललेली. मडगावच्या ब्रँडन फर्नांडिसने चेंडू उचललाच नाही, जमिनीलगत मोकळ्या सुनील छेत्रीकडे सरकवला आणि गोल झाला. दुसऱ्या दिवशी फोटो कोणाचा आला असेल ते सांगायला नको. पुढच्याच महिन्यात कोलकात्यात बांगलादेशविरुद्ध आपण हरत होतो. ८८व्या मिनिटाला आदिल खानने डोक्याने बरोबरी साधून दिली. आदिलही गोव्याचाच, आणि तो कॉर्नर पुन्हा ब्रँडनचा. नावानिशी लक्षात राहतो तो गोल मारणारा. आणि ब्रँडनचं निदान शेवटच्या पासमुळे नाव तरी होतं. ज्याने त्याआधी तीन पास अडवले, चेंडू सोडवून आणला, त्याचा उल्लेख कुठेच नाही.

तेव्हा मिडफिल्डरचं करिअर हे 'बघणाऱ्याला कळतंय का' यावर अडलेलं असतं. अकादमी निवडताना कपाटातल्या ट्रॉफ्या मोजू नका. तिथल्या सरांना एकच विचारा, "आमच्या मुलाचं गेल्या सामन्यात काय चुकलं?" "जरा आळशी आहे, अजून मेहनत पाहिजे" असं उत्तर आलं तर ते कोणत्याही मुलाला लागू पडतं. "चेंडू येण्याआधी तो मागे बघत नाही" असं कोणी म्हणालं, तर तिथे मुलाला ठेवायला हरकत नाही.

आणखी एक. मुलाचा सामना मोबाईलवर टिपत असाल तर चेंडूमागे कॅमेरा फिरवू नका. गॅलरीच्या वरच्या पायरीवर उभे राहा आणि निदान अर्धं मैदान एका चौकटीत येऊ द्या. चेंडू पायात नसताना तो कुठे असतो हे ज्या व्हिडिओत दिसत नाही, तो मिडफिल्डरच्या कामाचा नाही. गाणं लावून, स्लो मोशन करून बनवलेल्या क्लिपा तर मुळीच नकोत.

कोणत्या वयात सुरू करावं?

सहा-सात वर्षांचा असताना चेंडूशी नुसतं खेळू द्या. बेबी लीग आता गोव्यातही भरतात, एफसी गोवा या व्यावसायिक क्लबच्या फोर्सा गोवा फाउंडेशनची लिटल गौर्स लीग आहे. बारा-तेरापर्यंत जागा ठरवू नये. आठ वर्षांच्या मुलाला 'तू सहा नंबर' म्हणणारे कोच आहेत, त्यांच्यापासून जरा जपून.

ट्रायलला काय बघतात?

शंभर मुलं, चार बिब्स (संघ ओळखायला जर्सीवर घालायची रंगीत बंडी), प्रत्येकाला वीस मिनिटं. अशा वेळी बहुतेक मुलं ड्रिबल करून छाप पाडायला जातात. मिडफिल्डरने तेच केलं तर घोडं तिथेच पेंड खातं.

जाणता माणूस काय बघतो ते सांगतो. चेंडू आपल्या स्टॉपरकडे आहे. मुलगा मध्ये उभा आहे, पाठ समोरच्या गोलकडे. पास निघण्याआधी तो एकदा उजव्या खांद्यावरून मागे बघतो, एकदा डाव्या. मागे कोणी नाही हे त्याला कळलेलं असतं, म्हणून चेंडू येताना तो अंग तिरकं उघडतो, चेंडू जवळच्या पायावर न घेता लांबच्या पायावर घेतो, आणि पहिल्याच स्पर्शात त्याचं तोंड समोरच्या गोलकडे झालेलं असतं. मागे कोणी असेल, तर तोच मुलगा एका स्पर्शात चेंडू परत देतो आणि जागा बदलतो. सगळा खेळ दोन सेकंदांचा. हे ज्याला सहज येतं त्याच्या नावापुढे टिकमार्क होते, मग त्याने पुढे काही चमकदार केलं नाही तरी चालतं.

दुसरी गोष्ट म्हणजे चेंडू गेल्यावर काय करतो. हात वर करून पंचाकडे बघतो, की लगेच मागे वळतो? तिसरी, बोलतो का. "मागे", "वेळ आहे", "वळ" एवढे तीन शब्द पुरतात. आमच्याकडची मुलं सासष्टीच्या, म्हणजे मडगावकडच्या, मुलांमध्ये गेली की लाजून गप्प होतात, हा माझा नेहमीचा अनुभव. कोकणी सगळ्यांना येते, मग ओरडायला कसली लाज?

उंची कमी आहे. चालेल?

चालेल. स्टॉपर आणि गोलकीपरसाठी हा प्रश्न विचारा.

कागदपत्रं कोणती?

जन्माचा दाखला, आणि तो जन्मानंतर लवकर नोंदवलेला असावा. उशिरा नोंदलेल्या दाखल्यावर वयोगटाच्या स्पर्धांत हमखास शंका निघते. आधार, शाळेचा बोनाफाइड, फोटो. क्लबकडून पहिली नोंदणी झाली की एआयएफएफच्या (अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या) सीआरएस या ऑनलाइन यादीत मुलाचं नाव चढतं आणि त्याला कायमचा क्रमांक मिळतो. ती नोंदणी कोणत्या क्लबच्या नावावर झाली ते विचारून घ्या. पुढे क्लब बदलताना ना-हरकत पत्र तिथूनच आणावं लागतं आणि काही ठिकाणी त्यासाठी हेलपाटे घालायला लावतात.

काही स्पर्धांत मनगटाचा एक्स-रे काढून हाडांवरून वय ठरवतात, टीडब्ल्यू-थ्री नावाची चाचणी. वय चोरलेला मुलगा तिथे अडकतो. आणि मिडफिल्डरने वय चोरण्यात तसाही फायदा नाही. दोन वर्षं लहान मुलांमध्ये ताकदीवर खेळलेला पोरगा मागे वळून बघायला कधी शिकतच नाही.

सगळं सासष्टीतच चालतं ना? आमच्या तालुक्यांना कोण विचारतो?

तक्रार अगदीच खोटी नाही. फुटबॉल गोव्यात आला तो १८८३ मध्ये बार्देशातल्या शिवोलीला, विल्यम रॉबर्ट लायन्स या आयरिश धर्मगुरूंबरोबर, आणि पुढे चर्चच्या शाळांमधून वाढला. साहजिकच सासष्टी, मुरगाव, बार्देश, तिसवाडी इथे मैदानं आधी झाली, क्लब आधी झाले. आमच्याकडे बराच काळ क्रिकेटचं वेड आणि दशावतारी नाटकं. वाळपईच्या मुलाला मडगावातल्या फातोर्ड्याला सरावाला जायचं तर बस बदलत बदलत दिवस जातो, आणि शेवटची कदंबा बस चुकली की बाबांनी गाडी काढायची.

पण नावं बघा. गोलकीपर ब्रह्मानंद शंखवाळकर भारताचे कर्णधार झाले, १९९७ चा अर्जुन आणि २०२२ ची पद्मश्री त्यांच्या नावावर आहे. समीर नाईक आणि महेश गवळी धेंपो क्लबच्या बचावफळीत वर्षानुवर्षं उभे होते. मंदार राव देसाई धेंपोतून एफसी गोवात आणि तिथून मुंबई सिटीत गेला. आडनाव बघून कोणी दार बंद करत नाही. अडचण अंतराची आहे. तिच्यावर एक उपाय म्हणजे गोवा फुटबॉल विकास परिषदेची तालुक्यातली प्रशिक्षण केंद्रं. चौदापर्यंत घराजवळच शिकू द्या, रोजच्या प्रवासात मुलाचा जीव काढू नका. पंधराच्या पुढे खरंच चमक दिसली तर क्लबच्या वसतिगृहाचा किंवा मडगाव-म्हापशाच्या नातेवाइकांचा विचार करा.

गावातल्या टूर्नामेंट खेळू द्यायच्या का?

कापणी झाली, वायंगण (उन्हाळी भात) नसलेली शेतं मोकळी पडली की गावोगावी सामने सुरू होतात. कडेला भजी, लाउडस्पीकरवर कॉमेंटरी, बक्षिसाला रोख रक्कम किंवा बकरा. या मातीतूनच गोव्याचा खेळाडू घडला, हे नाकारून चालणार नाही. दाटीत चेंडू सांभाळायचं, उंचसखल जागेवर पहिला स्पर्श नीट करायचं शिक्षण सात-सात जणांच्या सेव्हन-अ-साइडसारखं दुसरीकडे कुठेच मिळत नाही. चौदा वर्षांच्या मिडफिल्डरला मी स्वतः पाठवतो.

एकदा क्लबशी करार झाला की मात्र सोडावं लागतं. करारात बहुधा स्पष्ट लिहिलेलं असतं की क्लबच्या परवानगीशिवाय बाहेर खेळायचं नाही. तिथे घोटा मोडला तर क्लब उपचाराला बांधील राहत नाही, वर दंड. तरी गणेशचवथीच्या सुट्टीत गावाला आलेल्या पोराला चारचौघांत "एक मॅच खेळ रे आमच्यासाठी" म्हणून गळ घालतात आणि त्याला नाही म्हणता येत नाही. अशा वेळी घरच्यांनी वाईटपणा घ्यावा. "आम्हीच नको म्हटलंय" हे सांगायला आईबाबाच लागतात.

गोव्यात वर चढण्याची शिडी कशी आहे?

जीएफएच्या वयोगटांच्या लीग. मग डिव्हिजन, त्यांच्या वर गोवा प्रो लीग. तिथून राष्ट्रीय पातळीवर आय-लीग आणि आयएसएल (इंडियन सुपर लीग). बाजूची वाट राज्यांच्या संघांच्या संतोष ट्रॉफीची. गोव्याने ती पाचदा जिंकली आहे, शेवटची २००८-०९ मध्ये. मोठ्या क्लबांच्या युवा संघांसाठी २०२२ पासून रिलायन्स फाउंडेशन डेव्हलपमेंट लीग आहे, आणि तिचा पहिला हंगाम गोव्यातच झाला.

ही शिडी कायम जागेवर असते असं समजू नका. धेंपो, साळगावकर, चर्चिल या तीन गोमंतकीय क्लबांनी २००७-०८ ते २०१२-१३ या काळातल्या सहाच्या सहा आय-लीग आपापसांत वाटून घेतल्या. पुढे २०१६ मध्ये साळगावकर, स्पोर्टिंग क्लब द गोवा आणि धेंपो यांनी आय-लीगमधून अंग काढून घेतलं. त्या वर्षी ज्याचं वय तेवीस-चोवीस होतं त्याची काही चूक नव्हती, पण एका झटक्यात गोव्यातल्या वरच्या दर्जाच्या जागा निम्म्याहून कमी झाल्या. धेंपो परत आय-लीगमध्ये यायला २०२४-२५ उजाडलं. आणि २०२५-२६ चा आयएसएल हंगाम नेहमीच्या वेळी सुरूच झाला नाही, कारण महासंघ आणि आयोजक कंपनी यांच्यातला करार संपत आला होता आणि नवा होत नव्हता. खेळाडू घरी बसून वाट बघत होते.

मधल्या जागा विदेशी खेळाडूच अडवतात, मग आमच्या मुलाने काय करायचं?

खरं आहे. क्लब विदेशी खेळाडूवर पैसा घालतो तो मैदानाच्या कण्यावर, म्हणजे स्टॉपर, सहा नंबर, दहा नंबर आणि स्ट्रायकर. एफसी गोवाचंच बघा ना. अहमद जाहू, एदू बेदिया, ह्युगो बुमूस, सगळे मध्येच. भारतीय मुलगा मग विंगवर किंवा फुलबॅकला सरकतो. २०२१-२२ पासून आयएसएलमध्ये मैदानात एका वेळी चारच विदेशी चालतात, आधी पाच चालायचे. तेवढी एक जागा मोकळी झाली.

आशियाई स्पर्धेत काय झालं ते इथे सांगण्यासारखं आहे. जानेवारी २०२१ मध्ये एफसी गोवाने अनुभवी लेनी रॉड्रिग्ज एटीके मोहन बागानला दिला आणि बदल्यात ग्लॅन मार्टिन्सला आणलं. मोहन बागानमध्ये ग्लॅनला फारसं खेळायला मिळत नव्हतं. एप्रिलमध्ये फातोर्ड्याला एएफसी चॅम्पियन्स लीगचे गटसामने झाले, भारतीय क्लब तिथे पहिल्यांदाच पोचलेला. ग्लॅन मधल्या फळीत उभा राहिला. अल-रय्यान आणि अल-वाहदाविरुद्ध गोलशून्य बरोबरी झाली. ग्लॅनचा एकही गोल नाही, तरी त्याच वर्षी तो भारताकडून खेळला. आधीच्या क्लबच्या बाकावर बसला होता तोच खेळाडू. फरक पडला तो फक्त कोणीतरी बघण्याचा.

बेंचवर बसावं लागत असेल तर लोनवर, म्हणजे काही काळ उसना, खालच्या लीगमध्ये जायला कमीपणा मानू नये. मिडफिल्डर सरावात तयार होत नाही, नव्वद मिनिटांत होतो.

पैसे किती मिळतात?

इथे आकडा लिहिला तर उद्या कोणीतरी तो दाखवून क्लबशी भांडेल. एवढं सांगतो की वरच्या लीगमधल्या नियमित खेळाडूचं आणि प्रो लीगमधल्या खेळाडूचं उत्पन्न यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. प्रो लीगमधले कित्येक जण नोकरी सांभाळून खेळतात. स्ट्रायकरला गोलागणिक बोनस मागता येतो. मिडफिल्डरने सामन्यागणिक म्हणजे अपिअरन्सचा बोनस मागावा.

पहिल्या करारात काय वाचायचं?

सगळं. तरी आधी या गोष्टी:

मुदत. अठराच्या आतल्या खेळाडूला तीन वर्षांहून लांब व्यावसायिक करार देता येत नाही, असा फिफाचा नियम आहे. मोठ्यांना पाच वर्षांपर्यंत. क्लबच्या हातात 'पुढचं वर्ष वाढवू' असा पर्याय असेल तर त्या वर्षाचा पगार आत्ताच लिहून घ्या.

पगार बारा महिन्यांचा की हंगामाचा? यात फार लोक फसतात. मोठी रक्कम ऐकून सही होते आणि नंतर कळतं की ती सात-आठ महिन्यांसाठीच होती, उन्हाळा आणि पावसाळा कोरडा.

दुखापत झाली तर पगार चालू राहणार का, शस्त्रक्रिया कोणाच्या खर्चाने, विमा आहे का. तोंडी "बघू रे, आम्ही आहोत ना" याला काडीची किंमत नाही. माझ्या ओळखीच्या एका मुलाचा गुडघा गेला तेव्हा ते तोंडी सांगणारा माणूस क्लबमध्येच उरला नव्हता.

पगार थकला तर? दोन महिन्यांचा पगार थकला, लेखी नोटीस दिली आणि पंधरा दिवसांत पैसे आले नाहीत, तर करार तोडण्याचं सबळ कारण फिफा मानते. म्हणून नोटीस लेखी द्या, व्हॉट्सअॅपवर रुसवाफुगवी करू नका. तक्रार एआयएफएफच्या खेळाडूंच्या दर्जाविषयक समितीपुढे जाते. भारतीय फुटबॉलपटूंची एफपीएआय नावाची संघटना २००६ पासून आहे, तिचीही मदत घेता येते.

सही केलेली प्रत घरी हवी. "ऑफिसात ठेवलीय" हे उत्तर नव्हे.

एजंट लागतो का?

सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला नाही. नंतर लागला तर फिफाचा परवाना असलेलाच, त्यासाठी परीक्षा असते. ट्रायल मिळवून देतो म्हणून आधी पैसे मागणारा एजंट नसतो.

शाळा-कॉलेजचं काय?

दहावी-बारावी सोडू देऊ नका. मिडफिल्डर उशिरा पिकतो, चोविसाव्या वर्षी कुठे त्याला खेळ दिसायला लागतो. तोवर हातात काही असलेलं बरं. शिवाय सरकारी नोकरीतला क्रीडा कोटा, बँका, सैन्यदलांचे संघ इथे पात्रतेला शिक्षण लागतंच. राज्याकडून खेळल्याची प्रमाणपत्रं प्लॅस्टिकच्या फाईलमध्ये ठेवा, पावसाळ्यात घरातला कागद किती टिकतो ते सगळ्यांना ठाऊक आहे.

पोर्तुगीज पासपोर्ट घेतला तर खेळता येईल?

गोव्यात हा प्रश्न येणारच. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी इथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुलानातवंडांना ती वाट उघडी आहे. पण भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. पोर्तुगीज झालात की भारतीय संघाचं दार बंद, आणि इथल्या लीगमध्ये तुम्ही विदेशी खेळाडू म्हणून मोजले जाता. वर सांगितलेल्या चार जागांपैकी एक जागा क्लब तुमच्यावर खर्च करेल का, हे स्वतःला विचारा. उलट वाटेने आलेलाही आहे. अराता इझुमी हा जपानमध्ये जन्मलेला मिडफिल्डर, त्याने तिथलं नागरिकत्व सोडलं आणि २०१३ मध्ये भारताकडून खेळला.

युरोपात कामाला जायचंय म्हणून पासपोर्ट घ्यायचा असेल तर तो निराळा हिशेब. फुटबॉलसाठी म्हणून घेऊ नका.

जागा बदलायला सांगितली तर ऐकावं का?

ऐकावं. मंदार राव देसाई डावीकडचा विंगर होता. एफसी गोवाने त्याला लेफ्ट-बॅक केलं आणि तिथे त्याचं करिअर लांबलं. २०२०-२१ मध्ये मुंबई सिटीने लीग शील्ड (साखळीत पहिला येणाऱ्याचं) आणि आयएसएल करंडक दोन्ही जिंकलं, त्या संघात तो होता. आदिल खान डिफेन्सिव्ह मिडफिल्डमधून स्टॉपरला गेला. मधल्या फळीत वाढलेल्या खेळाडूला मैदान चारही बाजूंनी बघायची सवय असते, म्हणून तो कुठेही रुळतो. फक्त सतरा वर्षांच्या मुलाला दर सामन्याला नव्या जागी उभं करत असतील तर कारण विचारा.

दुखापतींचं?

घोटा, हॅमस्ट्रिंग, जांघ ही नेहमीची. गुडघ्यातलं एसीएल हे लिगामेंट फाटलं तर परत यायला साधारण नऊ महिने धरा, घाई केली तर परत फाटतं. सूज असताना तेल लावून चोळणाऱ्याकडे नेऊ नका, आधी ऑर्थोपेडिक डॉक्टर, मग फिजिओ. एप्रिल-मेमध्ये दुपारी तीनला सामना लावणाऱ्या आयोजकांना काय म्हणावं ते मी इथे लिहीत नाही. त्या दमट हवेत नुसत्या पाण्याने भागत नाही, मीठ-साखरही पोटात गेली पाहिजे.

खायला काय द्यायचं?

हुमण-भात (माशांची कढी आणि भात) उत्तम. सामन्याआधी तीन तास. प्रोटीनचे डबे नंतर बघू.

मुलींना काही भविष्य आहे?

पूर्वीपेक्षा बरंच. २०२२ च्या सतरा वर्षांखालील महिला विश्वचषकाच्या दोन्ही उपांत्य लढती फातोर्ड्यात झाल्या, आणि त्यानंतर सरावाला येणाऱ्या मुली वाढल्या हे मी डोळ्यांनी पाहिलं. जुलै २०२५ मध्ये थायलंडला त्यांच्याच देशात २-१ हरवून भारतीय महिला आशियाई चषकाला पात्र ठरल्या. दोन्ही गोल संगीता बासफोरचे, आणि ती मिडफिल्डर आहे. राष्ट्रीय पातळीवर इंडियन विमेन्स लीग आहे. पैसे मुलांच्या मानाने फारच कमी, हे लपवण्यात अर्थ नाही. बऱ्याच मुली सरकारी खात्यांच्या संघातली नोकरी धरूनच खेळतात. तालुक्यात मुलींचा संघ नसेल तर बारापर्यंत मुलांमध्येच खेळू द्या. ज्या मुली तशा खेळल्या त्यांचा पहिला स्पर्श वेगळाच दिसतो.

किती वर्षं चालतं, आणि पुढे काय?

वेग कमी झाला तरी डोकं चालतं, म्हणून मिडफिल्डर विंगरपेक्षा जास्त टिकतो. तिशीनंतर चार-पाच वर्षं सहा नंबरवर निघतात. पुढची सगळ्यात सरळ वाट प्रशिक्षणाची. धेंपोचा क्लिफर्ड मिरांडा बघा. खेळ संपल्यावर एफसी गोवात सहायक प्रशिक्षक झाला. २०२० मध्ये मुख्य प्रशिक्षक गेल्यावर उरलेले सामने त्याने सांभाळले आणि संघाने लीग शील्ड जिंकलं. २०२३ मध्ये त्याच्या हाताखाली ओडिशाने सुपर कप जिंकला. एआयएफएफचे परवाने डीपासून सुरू होतात, मग सी, बी, ए, प्रो. डी परवाना खेळत असतानाच काढावा. सुट्टीतले थोडे दिवस जातात, पण आपलाच खेळ वेगळ्या डोळ्यांनी दिसायला लागतो.

बूट कोणते घ्यावेत?

हाच सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. बुटाच्या तळव्याच्या प्रकारांची ही नावं आहेत: गवताच्या मैदानासाठी एफजी. कृत्रिम टर्फवर एफजी घालू नका, स्टड अडकून गुडघा पिळतो, तिथे एजी किंवा टीएफ. मिडफिल्डरला वजनाने हलका बूट पाहिजेच असं नाही, घट्ट बसणारा पाहिजे. वाढत्या वयाचा म्हणून एक साइज मोठा घेऊ नका. महागाचा घ्यायचा झाल्यास पाय वाढायचे थांबल्यावर घ्या. आणि जुने झालेले फेकू नका, आमच्याकडे आणून द्या, लहान पायांना होतात.